शनिवारचा एक तास शाळेला द्या

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आजी-आजोबांनो,

आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांसाठी तुमचा शनिवारचा एक तास आम्ही मागत आहोत. येताना तुम्हाला येणारा एखादा खेळ किंवा एखादी गोष्ट घेऊन या.

मागच्या महिन्यात तिसरीच्या वर्गात फरशीवर खडूने चल्लस-आठचा पंचवीस घरांचा पट आखला. कवड्या नव्हत्या, म्हणून चार चिंचोके फोडून घेतले. वहीतली वजाबाकी समोर आली की गप्प बसणारी एक मुलगी खेळायला बसली. समोरच्याची सोंगटी सात घरं पुढे होती, ती मारायची होती. तिला चौक पडला, म्हणजे पुन्हा दान. चिंचोके हातात खुळखुळवत ती म्हणाली, "आता तीनच पाहिजेत!" सातातून चार वजा करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी नंतर तेच गणित फळ्यावर मांडलं आणि तिने ते हात वर करून सोडवलं.

"पोरं खेळतच बसली तर शिकणार कधी?" असं काही पालक काळजीने विचारतात. खेळात डाव जिंकायचा असतो, म्हणून मूल हिशेब मनापासून करतं आणि चुकलं तरी पुढच्या दानाला पुन्हा करतं. एरवी ज्या सरावाचा कंटाळा येतो, तो इथे आपसूक होतो. त्याला वहीची जोड देण्याचं काम शिक्षकांचं.

खेळातून, गोष्टीतून शिकवण्याची ही वाट जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक वर्गाला आपलंसं करतो ते गोष्टी सांगून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा पानं, बिया, खडे, शिंपले हेच त्यांच्या बालवाडीचं साहित्य झालं. आपल्याकडे तर हे सगळं दाराशी आहे.

आपल्याला एवढंच करायचं आहे:

१. सागरगोटे, चल्लस-आठ, भेंड्या, कोडी, उखाणे यांपैकी जे येतं ते चार-पाच मुलांच्या गटाला शिकवा. हिशेब मुलांना करू द्या, उत्तर आधी सांगू नका.

२. गोष्ट आपल्या घरच्या बोलीत सांगा. ऐन रंगात आली की थांबा आणि विचारा, "आता पुढं काय झालं असंल?" मुलं आपापला शेवट सांगतील, मग तो लिहितील.

३. येता आलं नाही, तर चिंचोके, कवड्या, सागरगोटे, जुन्या कापडाच्या बाहुल्या शाळेत पोहोचवा.

लिहिता-वाचता येत नाही म्हणून कुणी मागे राहू नका. गावातली कितीतरी कोडी आणि गोष्टी आज फक्त तुमच्या तोंडी आहेत. त्या मुलांच्या वहीत उतरल्या तर भाषेचा धडाही होईल आणि गावाचा ठेवाही टिकेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारपासून सकाळी ८ ते ९ हा तास ठेवला आहे. सुट्टी लागण्याआधी मुख्याध्यापकांकडे नाव आणि खेळ किंवा गोष्ट नोंदवा, म्हणजे कोणत्या वर्गाला काय द्यायचं ते ठरवता येईल.

आपले नम्र,
शाळा व्यवस्थापन समिती व शिक्षकवृंद