सतरंजीवरचे भांडण

पहाटे साडेपाचला सतरंजी अंथरायची, मांडी घालायची, डोळे मिटायचे. घर निजलेले असते. आणि नेमका त्याच वेळी माझा धाकटा भाऊ समोर येऊन बसतो! तो राहतो सांगलीला. गावच्या घराच्या वाटणीवरून आमचे बोलणे तीन वर्षे बंद होते. पण रोज पहाटे मी त्याला मनातल्या मनात बिनतोड उत्तरे देत असे. डोळे उघडावेत तो वीस मिनिटे गेलेली, जबडा आवळलेला आणि श्वास जिना चढून आल्यासारखा.

‘विचार आले की सोडून द्या,’ असे योगाच्या वर्गात सांगतात. सांगायला काय जाते? महिनाभरात जमले नाही की ‘आपला तो पिंडच नव्हे’ म्हणत माणूस सतरंजी माळ्यावर टाकतो.

पतंजली मात्र आपल्यासारख्यांना ओळखून होते. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात त्यांनी चित्ताला विचलित करणारे ९ अंतराय मोजले आहेत. सुरुवात व्याधीपासून, म्हणजे थेट शरीरापासून. पुढे मनाचा जडपणा, संशय, आळस वगैरे मंडळी. शेवटचा अंतराय मला फार धीर देतो : साधलेली अवस्था न टिकणे. म्हणजे काल जमले आणि आज जमले नाही, हेही त्यांनी आधीच हिशेबात धरले आहे. या अंतरायांसोबत येणारी लक्षणेही त्यांनी नोंदवली आहेत : दुःख, खिन्नता, अंगाची थरथर, अस्वस्थ श्वास. (ही खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. व्याधी यादीत पहिली आहे, हे विसरू नये.)

उपायांत श्वास येतोच. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. घरी कोणालाही करून पाहता येईल. पण गंमत अशी, की श्वासाच्या आधीचे सूत्र माणसांविषयी आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद, अपुण्यवानाकडे उपेक्षा. आसनाची चर्चा तर थेट दुसऱ्या पादात!

हा क्रम मला सुरुवातीला चमत्कारिक वाटला. मग एक आठवडा मी मन कुठे कुठे जाते, ते वहीत टिपून ठेवले. बाजारभाव, गुडघेदुखी अशा नोंदी थोड्याच निघाल्या. बाकी सगळी माणसे. चुलतभावाचा नवा फ्लॅट, लग्नात कोणीतरी मारलेला टोमणा, जिन्यात चपला पसरणारे शेजारी. आणि पानोपानी धाकटा. मैत्री कोणाशी आणि उपेक्षा कोणाची, याची मी सरळ उलटापालट करून ठेवली होती. चुलतभावाच्या सुखाची उपेक्षा करत होतो, आणि त्या टोमण्याशी मात्र घट्ट मैत्री जोडली होती. उपेक्षा म्हणजे तुच्छता नव्हे. दुसऱ्याच्या दोषांचे खाते आपण लिहीत न बसणे, असा मी तिचा अर्थ लावतो. चौघींत तीच अवघड. मला ती अजून साधलेली नाही.

गेल्या महिन्यात धाकट्याच्या मुलीला नोकरी लागल्याचे कळले. दोन दिवस घुटमळलो आणि फोन केला. त्यानेच उचलला. ‘दादा?’ एवढेच म्हणाला, मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. जेमतेम पाच मिनिटे बोललो. घराचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो. मन भरकटलेच, पण या खेपेस गॅसचा नंबर लावायचा राहिला होता त्याकडे.