ती मुळातच वेगळी!

आपल्या वस्त्यांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली हल्ली इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, ही आनंदाची गोष्ट आहे. व्हेरोनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेची 'डायव्हर्जंट' (२०११) आम्हीही वाचून काढली. पुढच्या काळातले शिकागो शहर. माणसांची पाच गटांत वाटणी, आणि गटाबाहेर पडलेल्यांच्या वाट्याला हलकी कामे नि अर्धपोट जिणे. हे चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!

सोळाव्या वर्षी प्रत्येकाने भरसभेत आपला गट निवडायचा. नायिका ट्रिस आईबापाचा गट सोडते. इथवर ती आम्हाला आपली वाटली. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात बाबासाहेबांपुढे उभ्या राहिलेल्या माणसांनीही जन्माने लादलेले टाकूनच दिले होते.

पण तिसऱ्या भागात (२०१३) कळते की ट्रिसची जनुके शुद्ध आणि बहुतेकांची बिघडलेली. लेखिकेला हा भेद मान्य नाही, ट्रिसही त्याविरुद्ध लढते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरी इतरांच्या मनाचा ताबा घेणारी औषधे तिच्यावर चालत नाहीत, ती नाहीतच. धाडस पोरीचे, श्रेय रक्ताला! पंजाबच्या ब्राह्मणात आणि पंजाबच्या चांभारात वंशाचा फरक तो कोणता, असा सवाल बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केला होता.

आपल्याकडचेच पाहा. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्ट सर केले. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. अशा वेळी लोक कौतुकाने म्हणतात, जंगलातली पोरे, काटकपणा त्यांच्या रक्तातच! मग निवड, महिनोन्महिन्यांचा सराव, शिकवणारे, सोबती हे सगळे गेले कुठे? आणि उद्या त्याच रक्ताची मुलगी गणितात नापास झाली, तर तोही दोष रक्ताचाच धरणार काय?

आपल्या मुलीला नव्वद टक्के पडले की वर्गात, ऑफिसात कुणीतरी गोड बोलून जाते, "तुमच्यातली वाटत नाहीस हो!" पोरगी हरखते, घरी येऊन सांगते. तिच्या फीसाठी भर उन्हात तेंदूपत्ता तोडणारी आई समोरच बसलेली असते, आणि ती तर 'तुमच्यातली'च असते.