डबीवर तारीख लिहा

घरी केलेली सौंदर्यप्रसाधनं चांगली असतात, असं माझं ठाम मत आहे. पण ती 'नैसर्गिक' असतात म्हणून नव्हे. करणारीला त्यात काय पडलंय, किती पडलंय आणि ते किती दिवस टिकेल हे ठाऊक असतं, म्हणून. एवढं ठाऊक नसेल, तर घरचं काजळ आणि फुटपाथवरची बिननावाची डबी यांत काही फरक उरत नाही.

मी खडवलीत राहते. नोकरीची सगळी वर्षं कसारा लोकलने कल्याणला जाऊन रसायनशास्त्र शिकवलं. आता आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायकांना उटणं, काजळ, ओठांचं मलम करायला शिकवते. बसल्याबरोबर प्रश्न येतो, "मॅडम, यात केमिकल नाही ना?" मी सांगते, "अगं, पाणीसुद्धा केमिकलच. आणि शिसं, पारा हे निसर्गातलेच आहेत." हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. शेंदूर पूर्वापार शिशाचा. गेरू ही लोखंडाच्या ऑक्साइडची माती. लिपस्टिकमध्येही आयर्न ऑक्साइड असतो, पण तो शुद्ध करून, तपासून घेतलेला. खाणीतल्या गेरूत लोखंडासोबत आर्सेनिक किंवा शिसं आलंय का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ओठांना गेरू लावायचा नाही, हा माझ्या वर्गातला नियम आहे.

आपल्या जुन्या प्रसाधनांतही नियम होते, आणि तेच आपण विसरत चाललो आहोत. दिवाळीचं उटणं बघा. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या हे सगळं खडखडीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून डब्यात भरायचं. दूध किंवा तेल घालायचं ते अंघोळीच्या वेळी, वाटीत, लागेल तेवढंच. यामागे पक्कं शास्त्र आहे. बुरशी आणि जंतू वाढायला पाणी लागतं, कोरड्या भुकटीत ते त्यांना मिळत नाही. आज मोबाइलवर बघून तेच उटणं कोरफडीच्या गरात आणि गुलाबपाण्यात कालवून बरणीत भरतात आणि महिनाभर वापरतात. आमच्या भातसा नदीच्या काठी आषाढात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा हवेत पाणी घातलेली, संरक्षक द्रव्य नसलेली बरणी चेहऱ्याला लावणं म्हणजे त्वचेचा दाह ओढवून घेणं आहे. पाणी घातलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा किंवा फेकून द्या.

कुंकवाचंही तसंच. हळदीतलं कर्क्युमिन चुन्याच्या निवळीत लाल होतं. वर्गात मी हळदीच्या पाण्यात निवळीचे थेंब सोडते, पिवळ्याचं क्षणात तांबडं होतं आणि बायका पुढे सरकून बघतात. मग मी लिंबू पिळते आणि रंग पुन्हा पिवळा होतो. घरचं कुंकू असं हळदीतून होतं, पण चुना जास्त झाला तर कपाळ पोळतं. माप इथेही लागतंच. पूर्वी कपाळाला आधी मेण लावून त्यावर पिंजर टेकवत. त्या मेणाची जागा टिकलीच्या गोंदाने घेतली. टिकलीच्या काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन असतं आणि त्याने टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं परिचित आहे. असा डाग पडणाऱ्या बाईला मेण आणि हळदीचं कुंकू हा आजही चांगला पर्याय आहे.

काजळाबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. एरंडेलाची वात लावून वर तांब्याचं ताट पालथं धरायचं, धरलेली काजळी तुपात खलायची, या काजळात शिसं नसतं. सुरमा मात्र गॅलिना या शिशाच्या खनिजापासून करतात. तो डोळ्यांत घालूच नये. पण घरचं काजळसुद्धा तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि मी ते आज्यांना ऐकवते. एकीने विचारलं, "मग दृष्ट नाही का लागणार?" मी म्हटलं, "आजी, गालावर तीट लावा. डोळे मोकळे राहू द्या." त्यांना ते पटलं.

ओठांच्या रंगासाठी सगळ्या बिटाच्या मागे लागतात. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, आणि उन्हाने, उष्णतेने उडतो. म्हणून तेलातल्या मलमात तो धरत नाही. तेलात उतरतो तो रतनजोतीच्या मुळाचा लाल आणि शेंदरीच्या बियांचा केशरी रंग. एक भाग मधमाश्यांचं मेण आणि तीन भाग तेल मंद आचेवर, उकळत्या पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवा. तेल म्हणून खोबरेल घेतलं, तर ते साधारण २४ अंशांना पातळ होतं. मे महिन्यात आमच्याकडे ते घट्ट राहणारच नाही, म्हणून उन्हाळ्यात मेण वाढवायचं किंवा कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं घट्ट राहणारं तेल, घालायचं. डबी, चमचा, हात कोरडे हवेत. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं.

लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावायचा सल्ला तर सर्रास दिला जातो. आपली त्वचा किंचित आम्ल असते. लिंबाचा रस तिच्यापेक्षा खूप जास्त आम्ल आणि सोडा उलट बाजूचा. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे कातडी भाजल्यासारखी काळवंडते. गोरं होण्यासाठी केलेल्या उपायाने उलट डाग पडतात.

या गोरेपणाच्या हव्यासाचा खरा धोका आणखी मोठा आहे. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या लावत असलेल्या, गावातच मिळालेल्या क्रीममध्ये पारा सापडला. आपल्याकडे प्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग आहे. त्या क्रीममधला पारा मर्यादेच्या कितीतरी पट होता. डबीत काय आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसणं, हाच अशा घटनांचा आरंभ असतो.

म्हणून माझं म्हणणं दोन टप्प्यांत आहे. स्वतःपुरतं करा, तर थोडं करा, कोरडं ठेवा, आणि डबीवर काय घातलं व कधी केलं हे लिहा. विकायचं असेल तर मात्र हे पुरत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधन नियम २०२० यांनुसार विक्रीसाठी प्रसाधन करायला परवाना लागतो आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या माणसाची देखरेख लागते. 'घरगुती' म्हणून त्यातून सूट मिळत नाही, आणि मिळूही नये. ग्राहकाची त्वचा घरच्या बाईच्या त्वचेपेक्षा स्वस्त नाही.

पण परवाना मागायचा आणि वाट दाखवायची नाही, हे सरकारला शोभत नाही. दिवाळीत उटणं, साबण, मलम विकून चार पैसे मिळवणाऱ्या बाईने स्वतंत्र जागा, यंत्रं, तपासणीचा खर्च कुठून आणायचा? बचत गटांसाठी असलेल्या राज्याच्या उमेद अभियानाने प्रत्येक तालुक्याला एक सामायिक परवानाधारक कार्यशाळा उभारावी आणि नमुने तपासण्याचा खर्च उचलावा. गटांनी तिथे येऊन माल करावा. देखरेखीला माणसं मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. खडवली, वासिंद, टिटवाळ्याच्या फलाटांवर रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या मुली कामाच्या शोधात रोज कल्याणची लोकल पकडतात. त्यांना ते काम इथेच द्या.