रिपोर्ट नॉर्मल, पोट दुखतंच आहे

महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई यांस,


राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी तुमच्याकडे असते आणि ती टिकवण्यासाठी त्यांना दर पाच वर्षांत ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. ज्या पोटदुखीचं कारण सापडत नाही, तिच्यासाठी त्यातले थोडे तास मी मागते आहे.

मी कात्रजला सुखसागरनगरात राहते. बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, एका बोटाने दाखवता येईल अशी माझी दुखरी जागा आहे. कळ आली की स्वारगेटच्या बसमध्ये दांडा धरलेला असतानाच मी वाकते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. आधी अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन झालं. कळ तशीच राहिली. मग पित्त झालं, मग आयबीएस, मग टेन्शन. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, दुर्बीण, सगळं नॉर्मल. फाइल जाड होत गेली. तिच्यात प्रत्येक निदान ठाम अक्षरात आहे, पण आधीचं का सोडलं याची एक ओळही नाही. शेवटी एका खासगी दवाखान्यात सल्ला मिळाला, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका."

मी नकार दिला तो बीडच्या बायकांमुळे. ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं सर्रास काढली जात असल्याचं २०१९मध्ये उघड झालं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तपासणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या तेरा हजारांहून अधिक बायका आढळल्या. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पोट दुखतं, अंगावरून जातं, म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. पुढे कॅन्सर होईल ही भीती त्यांना घातली गेली. खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार, मग दुसऱ्या डॉक्टरला विचारायला वेळ कुठून आणायचा? माझ्याकडे तो वेळ होता. तेवढाच फरक.

पुढे एका सरकारी ओपीडीत उतारवयाच्या डॉक्टरांनी मला टेबलावर आडवं केलं, दुखऱ्या जागेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "आता मान आणि खांदे उचला." मी उचलले आणि किंचाळले. आतल्या अवयवाचं दुखणं असेल तर स्नायू ताठ झाल्यावर ते सहसा झाकलं जातं. वाढलं तर मूळ पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी समजावलं. कार्नेट नावाच्या सर्जनने ही तपासणी १९२६मध्ये मांडली. यंत्र लागत नाही, अर्धं मिनिट पुरतं. स्नायूत अडकलेल्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन दिल्यावर मी सरळ उभी राहिले.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. काही आठवड्यांनी कळ परत येते, त्यामुळे हे निदानसुद्धा मी अखेरचं मानत नाही, आणि ते डॉक्टरही मानत नाहीत. "पुन्हा बघू," असं ते केसपेपरवर लिहितात. त्या दोन शब्दांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याच नॉर्मल रिपोर्टने दिला नव्हता.

प्रत्येकीची नसच अडकलेली असते असं माझं म्हणणं नाही. एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत निसटू शकतो, पोटातला क्षयरोग आतड्याच्या दुसऱ्या आजारासारखा दिसू शकतो. ओपीडीतली गर्दीही मी रांगेत बसून पाहिली आहे. म्हणूनच क्रेडिट तासांत हे शिकवा: बोटाने तपासणं, पाळीशी दुखण्याचा संबंध विचारणं, आणि उपचार लागू पडत नसेल तर निदान पुन्हा उघडणं. कारण सापडलं नसेल तर "कारण अद्याप अस्पष्ट" असं लिहिण्यात डॉक्टरांचा कमीपणा मानू नका.

दुसरी मागणी कागदांची. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी मिळायला हव्यात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८च्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. तरी माझ्या ऑपरेशनचे कागद मागितले तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न आला, "का, केस करायचीये का?" मला फक्त काढलेल्या अपेंडिक्सचा तपासणी अहवाल पुढच्या डॉक्टरांना दाखवायचा होता. तो अजून मिळालेला नाही. असा अहवाल अडवला गेला तर रुग्णाने तुमच्याकडे कुणाला, कोणत्या फोन नंबरवर विचारायचं, हे प्रत्येक दवाखान्याच्या काउंटरवर मराठीत लावायला सांगा.

आपली,
एक रुग्ण
कात्रज, पुणे ४६