गाडी ‘ऑटोमॅटिक’ आहे, पण कोणती? पैसे देण्याआधी गिअरबॉक्स असा ओळखा

सेकंड हँड गाड्यांच्या जाहिरातीत हल्ली ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द सर्रास दिसतो. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून कंटाळलेला माणूस तो वाचतो आणि लगेच फोन लावतो. पण या एका शब्दाखाली भारतात चार वेगवेगळे गिअरबॉक्स विकले जातात. चौघांचं चालणं वेगळं, दुखणं वेगळं आणि दुरुस्तीचं बिलही वेगळं.

गोंधळ झाला कसा?

पूर्वी ऑटोमॅटिक म्हणजे महागड्या गाडीची चैन होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणला आणि छोट्या गाडीतही ऑटोमॅटिक परवडू लागली. पुढे इतर कंपन्याही आल्या आणि प्रत्येकीने आपलं नाव दिलं. मारुती एएमटीला ‘एजीएस’ म्हणते, रेनॉ ‘इझी-आर’. ह्युंदाईचा सीव्हीटी ‘आयव्हीटी’ नावाने येतो, तर फोक्सवॅगनचा डीसीटी ‘डीएसजी’ आणि टाटाचा ‘डीसीए’ नावाने.

गाडीचं नाव माहीत असूनही भागत नाही. ऑटोमॅटिक बलेनोत आधी सीव्हीटी होता, २०२२ च्या नव्या मॉडेलपासून एजीएस आला. २०२४ च्या क्रेटात तर तीन प्रकार आहेत: साध्या पेट्रोलला आयव्हीटी, टर्बो पेट्रोलला डीसीटी आणि डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर.

चार प्रकार कोणते?

एएमटी: आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्रणा करते. सगळ्यांत स्वस्त. मॅन्युअलसारखीच क्लच प्लेट झिजते.

टॉर्क कन्व्हर्टर: इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे जाते. जुनं, दणकट तंत्र.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावरचा पट्टा किंवा साखळी. शहरात लोण्यासारखी चालते.

डीसीटी: दोन क्लच. एक १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. सगळ्यांत चपळ, पण दुरुस्ती खर्चिक.

ओळखायचं कसं?

१. पेडल मोजा. तीन पेडल म्हणजे मॅन्युअल. पण दोन पेडल म्हणजे ऑटोमॅटिकच, असंही नाही. ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटच्या ‘आयएमटी’मध्ये क्लचचं पेडल नसतं, गिअर मात्र हातानेच टाकावे लागतात.

२. लिव्हरजवळ ‘पी’ शोधा. भारतातल्या बहुतेक एएमटी गाड्यांत पार्किंगचा ‘पी’ नसतो. आर, एन आणि डी किंवा ए असतं. बाकी तिन्ही प्रकारांत ‘पी’ असतो.

३. गाडी चालवून बघा. हळूहळू वेग वाढवताना गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटली आणि मान पुढे गेली, तर एएमटी. अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर इंजिन एका सुरात ओरडत राहिलं आणि वेग मागून वाढला, तर बहुधा सीव्हीटी. गिअर झटकन पडतात पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये बारीक थरथर जाणवते, तर डीसीटीची शक्यता जास्त. सगळं मऊ आणि किंचित सुस्त वाटलं, तर टॉर्क कन्व्हर्टर. नव्या गाड्यांत हे फरक पुसट होत चालले आहेत, त्यामुळे फक्त अंदाजावर थांबू नये.

४. कागद बघा. मूळ बिलावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव असतं. मालकाच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला कोणतं तेल लागतं ते लिहिलेलं असतं. सीव्हीटीचं तेल वेगळं असतं, तिथे खात्री पटते.

एवढं कशाला बघायचं?

पहिलं कारण सुरक्षेचं. ‘पी’ची सवय असलेला माणूस एएमटी गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून उतरला आणि हँडब्रेक नीट ओढला नसला, तर गाडी घरंगळू शकते. एएमटी गिअरमध्ये ठेवून, इंजिन बंद करून आणि हँडब्रेक ओढूनच सोडावी.

दुसरं कारण घाटाचं. चढावर ट्रॅफिक थांबलं की अनेकजण ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. एएमटीत आणि कोरडा क्लच असलेल्या डीसीटीत यामुळे क्लच तापतो आणि लवकर झिजतो. अशा वेळी सरळ ब्रेक दाबावा.

तिसरं कारण खिशाचं. एएमटी असेल तर क्लच कधी बदलला, हे विचारावं. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर असेल तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, त्याची सर्व्हिस नोंद मागावी. डीसीटी असेल तर वॉरंटी किती उरली आहे ते बघावं.

विकणारा ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढंच सांगत असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘चारपैकी कोणता?’ त्याचं उत्तर कागदावर दिसल्याशिवाय टोकन देऊ नये.