तीन कड्या आणि शेजारची अक्षरे : जमिनीतून निघालेल्या बिल्ल्यांचे वाचन

१/ अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या शेतात मेटल डिटेक्टर वाजतो. वीतभर खोलीवर पितळेचा काळवंडलेला बिल्ला मिळतो आणि त्यावर डोळा, कवटी किंवा एकमेकांत गुंतलेल्या तीन कड्या दिसतात. छायाचित्र समाजमाध्यमांवर येते आणि त्याखाली निदान उमटते : 'फ्रीमेसन! गुप्त संघटना!' हे निदान पुष्कळदा चुकते. त्या चुकीत काय हरवते, याचा हा थ्रेड. 🧵

२/ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत कामगाराला आजारपणाची रजा नव्हती, सरकारी विमा नव्हता. कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला की घराची चूल थंडावे. ही पोकळी बंधुसंघांनी भरून काढली. त्यांच्या स्थानिक शाखेला 'लॉज' म्हणत. सभासद वर्गणी भरत आणि अडचणीच्या वेळी लॉज मदतीला येई. इतिहासकार डेव्हिड बीटो यांच्या अंदाजानुसार १९२० च्या सुमारास दर तीन प्रौढ पुरुषांपैकी एक अशा एखाद्या संघाचा सभासद होता.

३/ तीन कड्या हे 'ऑड फेलोज' संघाचे चिन्ह. कड्यांतील एफ, एल, टी ही अक्षरे मैत्री, प्रेम व सत्य या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. अमेरिकेतील 'इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ ऑड फेलोज'ची पायाभरणी थॉमस वाइल्डी याने १८१९ मध्ये बाल्टिमोर येथे केली. आजाऱ्याची विचारपूस, गरजूला साहाय्य, मृताचे दफन आणि अनाथाचे शिक्षण ही संघाने सभासदांना नेमून दिलेली कर्तव्ये होती.

४/ बिल्ल्यावर 'ए. ओ. यू. डब्ल्यू.' असेल तर तो 'एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन'चा. पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे १८६८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाची विमायोजना साधी होती : सभासद मरण पावला की उरलेल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि ती रक्कम त्याच्या कुटुंबाला मिळायची. कुऱ्हाड, पाचर आणि मोगरी दिसली तर तो 'मॉडर्न वुडमेन ऑफ अमेरिका'चा, स्थापना १८८३. कुऱ्हाड पाहून तो लाकूडतोड्यांचा संघ समजू नये. मुख्य काम आयुर्विम्याचेच.

५/ मग परवलीचे शब्द आणि हस्तांदोलनाच्या खुणा कशासाठी? त्यांत विधी होता, नाट्य होते आणि एक व्यवहारही होता. परक्या गावी आजारी पडलेल्या सभासदाला स्थानिक लॉजपुढे आपला हक्क सिद्ध करावा लागे. ज्या काळी छायाचित्राचे ओळखपत्र नव्हते, त्या काळी परवलीचा शब्द हेच ओळखपत्र. आज ज्यात कारस्थान शोधले जाते, ते बऱ्याच अंशी मदतीच्या निधीचे कुलूप होते.

६/ म्हणून पहिला नियम : चित्रावर विसंबू नये, अक्षरे वाचावीत. 'एफ. सी. बी.' म्हणजे 'नाइट्स ऑफ पिथियस'. हा संघ यादवी युद्ध चालू असताना १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे निघाला. 'टी. ओ. टी. ई.' म्हणजे 'इम्प्रूव्ह्ड ऑर्डर ऑफ रेड मेन'. नाव, पोशाख आणि प्रतीके मूळनिवासी अमेरिकनांची उचललेली. सभासदत्व मात्र गोऱ्यांपुरते.

७/ सर्वांत फसवे चिन्ह गुण्या आणि कर्कटकाचे. मधे 'जी' हे अक्षर असेल तर फ्रीमेसन असण्याचा संभव मोठा. मधे हातोडा उगारलेला हात असेल तर मात्र तो बिल्ला 'ज्युनिअर ऑर्डर ऑफ युनायटेड अमेरिकन मेकॅनिक्स'चा. फिलाडेल्फियाजवळ १८५३ मध्ये निघालेल्या या संघाचा मूळ हेतू स्थलांतरितांना विरोध हा होता. एका हातोड्याने अर्थ पूर्णपणे पालटतो.

८/ दुसरा नियम : धातूवरचा आकडा लगेच साल मानू नये. फ्रीमेसनांच्या एका गणनेत इसवी सनात ४००० मिळवतात. म्हणजे ५८६७ हे १८६७ होय. त्यांच्याच रॉयल आर्च शाखेत ५३० मिळवतात; तेथे तेच वर्ष २३९७ होते. 'रेड मेन' आपली कालगणना कोलंबसाच्या १४९२ पासून करीत.

९/ तांब्याचा 'मार्क पेनी' शोधकांना असाच चकवतो. त्यावर 'एक पेनी' असे कोरलेले असते, पण ते चलन नव्हे. रॉयल आर्च शाखेतील सभासदाला मिळणारे ते टोकन. कमानीच्या कळीच्या दगडाचे चित्र आणि वर्तुळात एच-टी-डब्ल्यू-एस-एस-टी-के-एस ही अक्षरे ही त्याची खूण. त्यावरील साल बहुधा शाखेच्या सनदेचे असते, टोकन पाडल्याचे नव्हे. मधल्या मोकळ्या जागेत सभासद स्वतःची खूण कोरून घेई. त्या खुणेवरून, शाखेची दप्तरे टिकली असतील तर, थेट माणसापर्यंत पोहोचता येते.

१०/ आता पुन्हा तीन कड्यांकडे. त्यांच्या शेजारी 'आय. ओ. ओ. एफ.' ऐवजी 'जी. यू. ओ. ओ. एफ.' अशी अक्षरे असतील तर इतिहास वेगळा. अमेरिकेतील गोऱ्या ऑड फेलोजनी कृष्णवर्णीयांना दार बंद केले. तेव्हा पीटर ऑग्डेन या कृष्णवर्णीय जहाज कर्मचाऱ्याने इंग्लंडमधील 'ग्रँड युनायटेड ऑर्डर'कडून सनद मिळवली आणि १८४३ मध्ये न्यूयॉर्क येथे कृष्णवर्णीयांचे लॉज उभे राहिले. गुलामगिरी संपण्यास त्या वेळी वीसहून अधिक वर्षे अवकाश होता.

११/ फ्रीमेसनांतही हेच घडले. बॉस्टनच्या प्रिन्स हॉल याने १७८४ मध्ये आपल्या 'आफ्रिकन लॉज'ची सनद इंग्लंडहूनच मिळवली. पुढे तर बिल्ल्यांवरून खटले उभे राहिले. जॉर्जियातील गोऱ्या 'नाइट्स ऑफ पिथियस'नी कृष्णवर्णीयांच्या त्याच नावाच्या संघाला नाव आणि चिन्हे वापरण्यास बंदी करावी म्हणून दावा लावला. १९१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय संघाच्या बाजूने निकाल दिला. चंद्रकोर आणि तलवारीचे चिन्ह मिरवणाऱ्या 'श्राइनर्स'च्या अशाच वादात १९२९ मध्ये तोच कौल मिळाला.

१२/ याचा अर्थ असा की काही माणसांना हा बिल्ला छातीवर लावण्याचा अधिकार न्यायालयात लढून टिकवावा लागला. असा बिल्ला जमिनीतून निघावा आणि त्याच्यावर सरसकट 'ऑड फेलोज' किंवा 'मेसॉनिक' अशी चिठ्ठी चिकटावी, हा त्या माणसांना दुसऱ्यांदा दाराबाहेर ठेवण्याचाच प्रकार. न ओळखलेला बिल्ला निदान प्रश्न तरी जिवंत ठेवतो. चुकीचा ओळखलेला बिल्ला तो प्रश्नच मिटवून टाकतो.

१३/ यावर एक रास्त आक्षेप आहे : हा छंद आहे, विद्यापीठ नव्हे, शोधकाने उचलला नसता तर बिल्ला नांगराखाली चुरला असता. हे खरेच. ब्रिटनमध्ये १९९७ पासून 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम'खाली शोधकांच्याच सहकार्याने वस्तूंची स्थानासह नोंद होते, आणि छंदाचा अभ्यासाला केवढा उपयोग होतो हे त्यातून दिसले आहे. पण तो उपयोग नोंदीमुळे झाला. नोंद वगळली तर उरते ती केवळ उचलेगिरी.

१४/ म्हणून तिसरा नियम जागेचा. बिल्ला कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडला हे जागेवरच लिहावे. मागची बाजू पाहावी : न्यूअर्कच्या 'व्हाइटहेड अँड होग' या कारखान्याचे नाव असेल तर तो १८९२ पूर्वीचा असू शकत नाही, कारण कारखानाच तेव्हा निघाला. आणि तांब्याची भांडी चिंच-लिंबाने घासतात तसे या वस्तूंना कधीही घासू नये. मुलामा आणि अक्षरे मळाबरोबर निघून जातात.

१५/ काही वस्तू तर उचलूच नयेत. 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' हा यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांचा संघ १८६६ मध्ये स्थापन झाला आणि अखेरचा सभासद १९५६ मध्ये वारल्यावर संपला. त्याच्या पंचकोनी ताऱ्याच्या धातूच्या खुणा सैनिकांच्या थडग्यांशेजारी रोवल्या जात. दफनभूमीत पडलेली अशी खूण 'सापडलेली' वस्तू नसते. ती कोणाच्या तरी उशाशी ठेवलेली असते.

१६/ भारतातील वाचकांसाठी हा विषय सातासमुद्रापारचा नाही. मुंबईत १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे भारतीयांनाही प्रवेश देणारे फ्रीमेसन लॉज निघाले. माणेकजी करसेटजी हे त्याच्या आरंभीच्या पारशी सभासदांपैकी एक. पण डिटेक्टर घेऊन बाहेर पडण्यापूर्वी कायदा वाचावा. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवानगीशिवाय खोदता येत नाही. त्यात अनेक किल्ले येतात.

१७/ १८७८ चा निखात निधी अधिनियमही अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्या अर्जात लिहायचे काय? वस्तू कोणती व किती मोलाची, कोठे सापडली आणि केव्हा सापडली. महसुलावर डोळा ठेवून केलेल्या या वसाहतकालीन कायद्यालाही जागा आणि तारीख विचारावीशी वाटली. इतिहासावर प्रेम करणाऱ्याने त्याहून कमी विचारू नये.

१८/ बाजारात अशा बहुतेक बिल्ल्यांना फारसे मोल नाही. त्यांचे मोल वेगळे आहे : कोणा सुताराने, खलाशाने, गिरणीकामगाराने आपल्या माघारी घर उघड्यावर पडू नये म्हणून दर महिन्याला बाजूला काढलेल्या पैशाची ती पावती आहे. पावतीवरचे नाव नीट वाचावे, एवढाच तिचा हक्क.