प्रश्न कशेळ्याचा, प्रबंध परदेशी

परदेशी विद्यापीठाची संशोधनाधारित पदव्युत्तर पदवी गावी राहून घेता येते, असा विषय निघाला की दोन पक्ष उभे राहतात. पहिला नाक मुरडून म्हणतो, ‘असल्या पदव्या म्हणजे पैसे भरून घेतलेला कागद.’ दुसऱ्याच्या जाहिराती मोबाईलवर येऊन आदळतात : घरबसल्या परदेशी मास्टर्स करा, प्रबंधाची काळजी आमच्यावर सोडा. एक संशयखोर, दुसरा धंदेवाईक. पण दोघांची चूक एकच. दोघांनाही पदवी तेवढी दिसते. जो प्रश्न सोडवण्यासाठी ती घ्यायची, तो दोघांच्याही हिशेबात नाही. म्हणून हा वाद रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या कशेळे गावात बसून तपासलेला बरा.

पहिला आक्षेप असा की, लांबून घेतलेली पदवी कच्चीच असणार. हे म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहिलेला नाही. लंडन विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षा खुल्या केल्या त्या १८५८ साली. दक्षिण आफ्रिकेचे ‘युनिसा’ विद्यापीठ १९४६पासून टपालाने शिकवू लागले. नेल्सन मंडेला यांनी कैदेत असतानाच अभ्यास करून १९८९मध्ये या विद्यापीठाची एलएल.बी. पूर्ण केली. ऑस्ट्रेलियातले न्यू इंग्लंड विद्यापीठ १९५५पासून दूरशिक्षण देते आहे. शिवाय संशोधनाच्या पदवीत वर्गात बसण्याचा भाग मुळातच थोडा. तिचा कस लागतो तो प्रबंधावर. तो मार्गदर्शकाकडे नव्हे, स्वतंत्र परीक्षकांकडे जातो. ब्रिटिश पद्धतीत त्यानंतर तोंडी परीक्षा होते, ऑस्ट्रेलियात परीक्षकांच्या लेखी अहवालांवर भर असतो. विद्यार्थी कशेळ्यात आहे म्हणून परीक्षक हात सैल सोडत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. संशोधन करायचे तर ग्रंथालयात ठाण मांडावे लागते, डॉ. आंबेडकर कोलंबियाला आणि लंडनला गेले ते उगाच का? उगाच नव्हेच. त्यांचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानची अर्थव्यवस्था, आणि त्या विषयाचे कागद व ग्रंथ तिथे होते. यातून निघणारा नियम मात्र ‘विद्यापीठाजवळ राहा’ असा नसून ‘पुराव्याजवळ राहा’ असा आहे. त्याच आंबेडकरांना कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७मध्ये, प्रबंध १९२५ साली छापून झाल्यावर. तेव्हा ते मुंबईत कामाला लागलेले होते. त्या अंतरामुळे पदवीला कमीपणा आला, असे कोणी म्हटलेले नाही.

आता हाच नियम कशेळ्याला लावा. दिवाळीनंतर आसपासच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मुलांची शाळा, लसीकरण, रेशन यांचे पुढच्या महिन्यांत काय होते? कर्जतला भाताचे संशोधन केंद्र १९१९पासून आहे आणि कशेळ्यात ‘अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ने स्थानिक भातवाणांचे जतन, धान्य बँका आणि वनौषधी यांवर काम केले आहे, मग सुधारित बियाणे हाताशी असताना काही शेतकरी जुने वाण का राखतात? फार्महाऊससाठी जमिनी विकल्या गेल्यावर वरकस जमिनीवरची नाचणी-वरी कुठे गेली? यातल्या एकाही प्रश्नाचा पुरावा लंडनच्या ग्रंथालयात नाही. तो भीमाशंकरच्या पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांत आहे. हे संशोधन करायला गाव सोडून परदेशी जाणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे.

तिसरा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून तो नीट मांडायला हवा : भारतात या पदवीला किंमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी दूरस्थ पीएच.डी.ला मनाई केली आणि एम.फिल. बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३मध्ये, परदेशी विद्यापीठांच्या नावाने ऑनलाइन पदव्या विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असे आयोगाने बजावले. परदेशी दूरस्थ पदवीला समकक्षता देण्याबाबत भारतीय विश्वविद्यालय संघाचा कल अनेक वर्षे नकाराचा होता. तेव्हा ज्याला प्राध्यापकाची नोकरी किंवा सरकारी बढती हवी, त्याने या वाटेला जाऊच नये. पण आक्षेप घेणारे इथे एक गोष्ट गृहीत धरतात : नोकरीच्या अर्जाला जोडण्यापलीकडे पदवीचा उपयोगच नाही. वाड्या-वाड्यांत कुपोषणावर काम करणारी कार्यकर्ती, वनहक्काचे दावे लिहिणारा तरुण, आश्रमशाळेतली शिक्षिका यांना समकक्षतेच्या दाखल्याहून आपले निरीक्षण पक्के आहे की भ्रम, हे कळण्याची गरज जास्त आहे.

यावर चौथा टोला बसतो : मग पदवी हवीच कशाला? इतिहासाचार्य राजवाडे संशोधनाची पदवी न घेता दप्तरे शोधत महाराष्ट्रभर हिंडलेच ना? हिंडले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण राजवाडे रोज जन्मत नाहीत. इतरांना शिस्त बाहेरून घ्यावी लागते. गावातल्या संस्थांची उत्तम माहिती आज देणगीदारांच्या अहवालांत पडून राहते आणि तिची उलटतपासणी कोणी करत नाही. जानेवारी २०२५पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना संशोधनपत्रिका उघडून देते. कशेळ्यातला स्वतंत्र कार्यकर्ता तिच्या बाहेरच आहे. नोंदणीकृत विद्यार्थ्याला विद्यापीठाचे डिजिटल ग्रंथालय मिळते, माणसांना प्रश्न विचारण्याआधी नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते आणि शेवटी अनोळखी परीक्षकाला उत्तर द्यावे लागते. फी भरायची ती यासाठी.

उरला स्वाभिमानाचा आक्षेप : आमचे ज्ञान परदेशी विद्यापीठाच्या घशात का घालायचे? ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर कायदा आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार बियाण्याचे नमुने किंवा त्यांवरच्या संशोधनाचे निष्कर्ष परदेशी संस्थेकडे सोपवण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. विषय भातवाणांचा असेल तर ही चौकशी प्रवेशाआधी करावी. आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यासमोर निष्कर्ष मराठीत वाचून दाखवावेत. ते गुपचूप नेणारा संशोधक मुंबईचा असला तरी परकाच.

आता मंडन. शोध घ्यायचा तो विद्यापीठाचा नव्हे, मार्गदर्शकाचा. आधी आपला प्रश्न दोन पानांत लिहावा : काय विचारायचे, कोणाला, कशाच्या आधारे. मग त्या विषयावर अलीकडे कोण लिहिते आहे ते पाहून थेट त्या प्राध्यापकाला पत्र घालावे. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात एम.फिल. अजून जिवंत आहे. ‘एमरेस’ (मास्टर ऑफ रिसर्च) या पदवीत बहुधा शिकवणीचा भागही असतो, तर ‘युनिसा’त केवळ प्रबंधावर मास्टर्स करता येते. अर्धवेळ मुदत किती, एकदाही तिथे जावे लागते का, परदेशी विद्यार्थ्याला बाहेरून नोंदणी करता येते का, तोंडी परीक्षा ऑनलाइन होते का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. जो दलाल मार्गदर्शकाचे नाव सांगण्याआधी फीचे हप्ते सांगतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. प्रबंध लिहून देण्याची भाषा करणारा तर सरळ फसवणुकीत भागीदारी मागतो आहे.

आणि हे सारे परदेशातच का शोधावे लागते, हा सवाल आपल्याच व्यवस्थेला विचारायला हवा. आयोगाच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात केवळ संशोधनावर आधारलेल्या एका वर्षाच्या पर्यायाला जागा आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.लाही परवानगी आहे. म्हणजे संशोधन वर्गाबाहेर होते हे तत्त्व मान्य, फक्त ते वाडीत होऊ शकते हे मान्य नाही. मुंबई विद्यापीठाने उद्या कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांसाठी गावी राहून करण्याची संशोधन-पदवी सुरू केली, मार्गदर्शक दिला आणि परीक्षा कडक ठेवली, तर परदेशी अर्जाची शिफारस करायला मला कारण उरणार नाही. ती सुरू होईपर्यंत, जो दरवाजा उघडा आहे त्यातून जाणाऱ्याला हसण्याचा अधिकार दरवाजा बंद ठेवणाऱ्यांना नाही.